ओढ्याकाठची पाच एकर: प्लॉट पाडण्याआधी पाण्याचा हिशोब

शहराच्या हद्दीबाहेर पाच एकरांचा गट, एका बाजूने डांबरी रस्ता आणि दुसऱ्या बाजूने ओढा. पुणे, सातारा, नाशिक, संभाजीनगर अशा कुठल्याही शहराभोवती अशा जमिनी निवासी ले-आऊटसाठी येत असतात. बहुतेक ठिकाणी आधी प्लॉट आखले जातात, मग रस्ते, आणि शेवटी उरलेल्या जागेत गटार बसवलं जातं. ओढा सात-आठ महिने कोरडा असतो, त्यामुळे त्याला जमिनीचा मागचा कोपरा समजण्याची सवय लागते. काम उलट्या क्रमाने करायला हवं: पाण्याला किती जागा लागते हे आधी ठरवायचं आणि उरलेल्या जमिनीवर प्लॉट पाडायचे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने सोसायट्यांच्या सीमाभिंती पाडल्या, माणसंही गेली. ओढ्याची रुंदी कागदावर आणि जागेवर वेगळी असली की काय होतं, हे त्या रात्री दिसलं.

हा लेख पहिल्यांदाच प्लॉटिंग करणारे जमीनमालक, लहान विकासक आणि नवशिके साइट इंजिनिअर यांच्यासाठी आहे. आकडे समजावेत म्हणून पाच एकरांचं, म्हणजे साधारण दोन हेक्टरांचं, एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. तुमच्या जमिनीचे आकडे वेगळे येतील, रीत तीच राहील.

पहिली पायरी: ओढा कागदावर शोधा

सातबारा, फेरफार, गटनकाशा आणि जुना गावनकाशा एकत्र मांडा. सातबाऱ्यावरचा पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य म्हणून नोंदलेलं क्षेत्र, नीट वाचा. वर्ग ‘ब’ पोटखराबा असेल तर त्यात बहुधा रस्ता, ओढा किंवा अशाच सार्वजनिक वापराची जमीन असते, तिला विक्रीयोग्य क्षेत्रात धरू नका. ‘ओढा आमच्याच गटातून जातो, म्हणजे आमचाच’ हा समज सर्रास आढळतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, नाले आणि ओढे यांची पात्रं शासनाची असतात. म्हणून ओढा वळवणं, बुजवणं किंवा पाइपात घालणं हे मालकाच्या मर्जीवर चालत नाही.

गावनकाशात ओढा दुहेरी रेषेने दाखवलेला असेल तर तिथली रुंदी मोजून घ्या आणि जागेवरच्या रुंदीशी ताडा. जागेवर ओढा तीन मीटरचा आणि नकाशात आठ मीटरचा, असं पुष्कळदा निघतं. वरच्या-खालच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं बांध पुढे सरकवलेले असतात. अशा वेळी नकाशातली रुंदी धरायची. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशाही पाहा. गावनकाशात नसलेली पण पावसाळ्यात वाहणारी ओघळ त्यात निळ्या रेषेने सापडते.

भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत घ्या आणि मोजणीच्या दिवशी ओढ्याचे दोन्ही काठ नोंदवून घेण्याचा आग्रह धरा. मोजणीदार हद्दीच्या खुणा दाखवून निघून जातात, काठ न सांगता मोजले जात नाहीत.

झोन दाखल्यासोबत, म्हणजे जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते त्या दाखल्यासोबत, पूररेषेची चौकशी करा. नदीवर आणि मोठ्या ओढ्यांवर जलसंपदा विभागाने निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते. निळी रेषा ढोबळमानाने २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. पात्र ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. लहान ओढ्यावर रेषा आखलेलीच नसेल, तर त्याचा अर्थ पूर येत नाही असा घेऊ नका. हिशोब तुम्हाला करावा लागेल, इतकाच त्याचा अर्थ. काठापासून किती अंतर सोडायचं, ते लागू विकास नियमावलीनुसार मंजुरी देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्या. कच्चा आराखडा काढताना नकाशातल्या काठापासून ९ मीटर सोडून चाला, बाहेरच्या वळणावर १२ ते १५. वळणाच्या बाहेरच्या अंगाला ओढा दरवर्षी काठ खातो आणि नियमाचं अंतर तिथे दहा वर्षांत संपून जातं.

दुसरी पायरी: पातळ्या घ्या, माणसांना विचारा

टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने अर्ध्या मीटरच्या अंतराने समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढून घ्या, ओढ्यालगतच्या ५० मीटरच्या पट्ट्यात २० सेंटिमीटरने. ओढ्याचे आडवे छेद दर २० मीटरवर हवेत आणि ते आपल्या हद्दीवर थांबवू नका; वर आणि खाली दोनशे-दोनशे मीटर जा. खाली गावरस्त्याची अरुंद मोरी किंवा बंधारा असेल, तर पुरात तिथे पाणी तुंबतं आणि तुमच्या जमिनीपर्यंत मागे फुगतं. जागेवर पूर येण्याचं कारण कित्येकदा जागेच्या बाहेरच असतं. मोरीच्या कठड्यावर रंगाने कायमची पातळीखूण करून घ्या, पुढची सगळी कामं त्या एकाच खुणेवरून व्हायला हवीत.

पुराची पातळी शोधायला यंत्र लागत नाही. काठावरच्या बाभळीच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, कुंपणाच्या तारेला लोंबणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, विहिरीच्या कठड्यावरचा गाळाचा डाग, अशा खुणांच्या पातळ्या घ्या. शेजारच्या वयस्कर शेतकऱ्यांना ‘पूर येतो का’ असं विचारलं तर ‘नाही हो, कधीच नाही’ असंच उत्तर मिळतं, कारण जमिनीचा भाव पडेल ही धास्ती असते. ‘पाणी कुठपर्यंत आलं की तुम्ही मोटर काढून वर ठेवता?’ असं विचारा. बोट दाखवून जागा सांगतील.

मातीसाठी चार-पाच ठिकाणी दोन ते अडीच मीटर खोल चाचणी खड्डे जेसीबीने घ्या, त्यातला एक ओढ्याजवळ. काळ्या मातीचा थर किती, मुरूम कुठे लागतो, पाणी कुठे झिरपतं, हे लिहून ठेवा. काळी माती पावसाळ्यात फुगली की पाणी आत घेत नाही, त्यामुळे तिच्यात खोदलेला शोषखड्डा जुलैत नुसता भरलेला हौद असतो. शोषखड्डे मुरमापर्यंत उतरत असतील तरच हिशोबात धरा. चाचणी पावसाळ्यात घ्या, निदान खड्डा रात्रभर पाण्याने भरून ठेवून सकाळी पुन्हा भरा आणि पातळी उतरण्याचा वेग मोजा. मे महिन्यातल्या कोरड्या, भेगाळलेल्या काळ्या मातीवर घेतलेली चाचणी हमखास फसवते.

तिसरी पायरी: ओढ्यात किती पाणी येतं

लहान पाणलोटासाठी सोपं सूत्र पुरतं. पाणलोट क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाचा वेग तासाला मिलिमीटरमध्ये आणि अपवाह गुणांक (पडलेल्या पावसापैकी जितका वाटा वाहून जातो तो) या तिघांचा गुणाकार करा आणि ३६० ने भागा. उत्तर दर सेकंदाला घनमीटरमध्ये येतं. पाणलोट शे-दीडशे हेक्टरांच्या पलीकडे गेला की हे सूत्र सोडून जलविज्ञान जाणणाऱ्या सल्लागाराकडे जा.

आपल्या उदाहरणात वरचा पाणलोट ६० हेक्टर, सर्वांत लांबचा प्रवाह १,५०० मीटर आणि उतार दोन टक्के आहे. लांबच्या टोकाचं पाणी आपल्यापर्यंत यायला साधारण २५ मिनिटं लागतात. म्हणून पाऊस २५ मिनिटांच्या झोडीचा धरायचा. नवशिके इथेच सर्वांत मोठी चूक करतात: दिवसाचा पाऊस घेऊन २४ ने भागतात. १२० मिलिमीटरला २४ ने भागलं की तासाला ५ येतात, पण वळवाची किंवा परतीच्या पावसाची अर्ध्या तासाची सर तासाला ८० च्या वेगाने सहज कोसळते. उत्तरात सोळा पटींचा फरक पडतो. हवामान विभागाच्या नोंदींवरून तुमच्या तालुक्याचे तीव्रतेचे आकडे काढून घ्या, उदाहरणापुरते ८० धरू.

अपवाह गुणांक शेतीसाठी ०.३५ च्या आसपास, दाट वस्तीसाठी ०.६५ ते ०.७५. वरची जमीन आज शेती असली तरी दहा वर्षांत तिथेही प्लॉट पडणार आहेत, तेव्हा ०.५ घ्या. ६० × ८० × ०.५ ÷ ३६० म्हणजे ६.७ घनमीटर दर सेकंदाला. ओढ्यासाठी २५ वर्षांच्या पुराचा आकडा वापरा आणि १०० वर्षांच्या पुरात पाणी कुठे चढतं हे तपासून ठेवा.

एवढं पाणी वाहून न्यायला पात्र केवढं हवं? तळ २ मीटर, दोन्ही काठांना एकास दीड (उभं एक, आडवं दीड) उतार, लांबीत ३०० ला १ उतार आणि गवत-दगडांचा मातीचा ओढा धरला, तर १.३ मीटर खोलीच्या प्रवाहात सुमारे ७ घनमीटर मावतात. त्यावर अर्धा मीटर मोकळा काठ ठेवा. एकूण खोली १.८ मीटर, वरची रुंदी ७.४ मीटर. जागेवर तीन मीटरचा दिसणारा ओढा तीनच मीटरचा धरला असता, तर जादा पाणी थेट शेवटच्या रांगेतल्या प्लॉटमध्ये शिरलं असतं.

काठ उभ्या काँक्रीट भिंतींनी बांधून प्लॉटची जागा वाचवायचा मोह होतो. गुळगुळीत भिंतींमधून पाणी जोरात धावतं, तळ खणतं आणि भिंतीचा पाया उघडा पाडतं, शिवाय खालच्या शेजाऱ्याकडे पूर लवकर पोहोचतो. बाहेरच्या वळणावर दगडी पिचिंग किंवा जाळीतले दगड, बाकी काठावर वाळा, निर्गुडी आणि वरच्या बाजूला करंज-जांभूळ पुरे.

चौथी पायरी: रस्ते, मोरी, गटार

समोच्च नकाशावर आधी पाणी जमिनीवरून कुठून कुठे जातं त्याचे बाण काढा. मुख्य रस्ता उताराच्या दिशेने, ओढ्याकडे उतरणारा ठेवा आणि आडवे रस्ते समोच्च रेषांना धरून. प्लॉटची मागची बाजू खोलगट राहणार नाही याची काळजी घ्या. प्रत्येक प्लॉटचं पाणी स्वतःच्या पुढच्या रस्त्यावर यायला हवं, शेजाऱ्याच्या अंगणातून जायला नको. दोन रांगांच्या पाठीला पाठ लागते तिथे खोलगटपणा असेलच, तर मध्ये दीड-दोन मीटरचा चर सोडा आणि तो सामाईक जागा म्हणून नकाशात दाखवा. प्लॉटमध्ये धरलेला चर पहिल्याच वर्षी बुजवला जातो.

अंतर्गत रस्त्यांची रुंदी त्यांच्या लांबीवर ठरते. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियमावलीनुसार १५० मीटरपर्यंत ९ मीटर, ३०० पर्यंत १२, त्यापुढे १५. सहा मीटरच्या डांबरी पट्ट्याला मध्यापासून दोन्हीकडे ४० ला १ आडवा उतार द्या, म्हणजे मध्य कडेपेक्षा ७५ मिलिमीटर उंच. रस्त्याखालची काळी माती पूर्ण काढून मुरूम भरा. माती ठेवून वर कितीही चांगलं डांबर घातलं तरी दुसऱ्या पावसाळ्यात रस्ता लाटांसारखा होतो आणि पाणी गटारात न जाता लाटांच्या खळग्यांत साचतं.

गटाराचा हिशोब त्याच सूत्राने. ०.८ हेक्टरचं पाणी घेणाऱ्या गटाराला, दहा मिनिटांच्या १०० मिलिमीटर वेगाच्या सरीसाठी आणि ०.६५ गुणांकाने, सेकंदाला सुमारे १४५ लिटर न्यायचे असतात. ४५० बाय ४५० मिलिमीटरचं बांधीव गटार, २०० ला १ उताराने, ४०० मिलिमीटर भरून २३० लिटर नेतं. जादा क्षमता चैन समजू नका, तळाशी गाळ बसला की तीच उपयोगी पडते. उतार ३०० ला १ पेक्षा सपाट झाला तर गाळ बसायचा थांबत नाही. झाकणं उचलता येतील अशी, दर तीन-चार मीटरवर एक जाळीची. आणि संडास-न्हाणीघराचं पाणी या गटारात सोडायची वाट कुठेही ठेवू नका. सेप्टिक टँकचे शोषखड्डे विहीर किंवा बोअरपासून किमान १८ मीटर दूर हवेत. ओढ्यालगतच्या रांगेत पावसाळ्यात भूजल वर येतं, म्हणून तिथे वैयक्तिक शोषखड्ड्यांपेक्षा एकत्रित सांडपाणी प्रकल्पच बरा.

गटार ओढ्यात जिथे उतरतं तिथला तळ पुराच्या पातळीच्या वर हवा. आपल्या ओढ्यात पुराचं पाणी तळापासून १.३ मीटर चढतं, गटाराचं तोंड त्याखाली असेल तर ऐन सरीत ओढा गटारातून उलटा आत येतो. वर नेणं शक्यच नसेल तर एकदिशा झडप बसवा, पण झडपेत काटकी अडकली की ती नसल्यासारखीच.

आता मोरी. ओढा ओलांडून रस्ता न्यायचा असेल तर ९०० मिलिमीटरच्या तीन ह्यूम (काँक्रीटच्या) पाइपा टाकून वर मुरूम, हा गावोगावचा ठराविक नमुना आहे. एका पाइपाचं तोंड ०.६४ चौरस मीटर, त्यातून सेकंदाला एक-सव्वा घनमीटर जातं. तीन पाइपांचं मिळून तीन ते पावणेचार, आणि येणारं पाणी ६.७. उरलेलं पाणी रस्त्यावरून जातं, मुरूम धुऊन नेतं. पाइपांच्या मधल्या जागेत ओंडके आणि गवताचे गठ्ठे अडकले की तीनपैकी दोन तोंडं पहिल्या तासातच बंद. त्याऐवजी ४ मीटर गाळ्याची, १.८ मीटर मोकळ्या उंचीची एकाच गाळ्याची स्लॅब मोरी बांधा. मधला खांब नाही, अडकायला जागा नाही. खर्च जास्त येतो, हे खरं. पण दर दोन वर्षांनी वाहून जाणाऱ्या रस्त्याची किंमत प्लॉटधारक तुमच्याच नावाने मोजतात. जलवाहिनी आणि केबल मोरीच्या कठड्याला बाहेरून टांगू नका, त्याही कचरा अडवतात. विजेची डीपी सर्वांत सखल कोपऱ्यात टाकायची रीतही सोडा. तो कोपरा विकला जात नाही म्हणून तिथे डीपी जाते आणि पुरात अख्खी वसाहत अंधारात.

पाचवी पायरी: वाढलेलं पाणी थोपवा

शेताचे बांध बऱ्यापैकी पाणी धरून ठेवतात. सपाटीकरणात ते जातात आणि वर छपरं-रस्ते येतात. त्याच सूत्राने, गुणांक ०.३५ चा ०.६५ झाला की, आपल्या दोन हेक्टरांतून आधी सेकंदाला १५५ लिटर निघत होते, आता २९० निघतील. फरक साधारण १३५ लिटरचा. अर्ध्या तासाच्या सरीत तो जमून २४० घनमीटर होतो. एवढं पाणी थोपवून हळूहळू सोडायला २० बाय १२ मीटरचा, एक मीटर खोलीचा उथळ तलाव पुरतो. बाहेर जाणाऱ्या ३०० मिलिमीटरच्या पाइपाच्या तोंडावर २८० मिलिमीटर भोकाची लोखंडी प्लेट लावा, तलाव भरलेला असताना त्यातून १५० लिटरच्या आसपास बाहेर पडतात. वर काँक्रीटचा सांडवा हवाच. तो नसेल तर हिशोबापलीकडची पहिली सर बांध फोडून तेच पाणी एकदम खाली सोडते.

४,००० चौरस मीटर किंवा अधिक जमिनीला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, इथे २,००० चौरस मीटर. ती तुकड्यातुकड्याने वेडीवाकडी न सोडता ओढ्याच्या सोडलेल्या पट्ट्याला लागून एकत्र ठेवा. तलाव, झाडं आणि पायवाट एकाच जागी येतात आणि गाळ काढायला जेसीबीला वाट राहते. यातला कोणता भाग मोकळ्या जागेत मोजला जाईल आणि कोणता नाही, ते तात्पुरती ले-आऊट मंजुरी घेतानाच नगररचना कार्यालयाशी बोलून ठरवा. हे सगळं धरून विक्रीयोग्य क्षेत्र ५५ ते ६० टक्क्यांच्या घरात येईल. सत्तर टक्के काढून देतो म्हणणारा आराखडाकार ओढ्याची जागा विकून दाखवतो आहे.

सहावी पायरी: कामाचा क्रम आणि कागद

डिसेंबर ते मे हा हंगाम. आधी ओढ्याचा छेद परवानगीनुसार साफ, मग मोरी, मग तलाव आणि मुख्य गटार, शेवटी रस्ते आणि प्लॉटची भर. नेहमी उलटं होतं, कारण ग्राहकाला दाखवायला रस्ता आणि कमान लागते. खोदकामाची माती ओढ्याच्या काठावर ढीग करून ठेवू नका. मृगाच्या पहिल्या पावसात ती पात्रात असते. भरलेल्या प्लॉटच्या कडेला उतार ठेवून गवत लावा.

भर टाकून जमीन उंच केली की पाणी शेजाऱ्याकडे ढकललं जातं आणि तक्रार तहसीलदारांकडे पोहोचते. वरच्या शेतातून येणारा चर जिथून आत येतो तिथून तो हद्दीच्या कडेने ओढ्यापर्यंत चालू ठेवा, तो तुमच्या नकाशात नाही म्हणून बंद होत नाही.

प्रत्येक प्लॉटची किमान जोते पातळी ठरवून तक्ता करा: रस्त्याच्या मध्यापासून ४५० मिलिमीटर वर किंवा मोठ्या पुराच्या पातळीपासून ४५० मिलिमीटर वर, जी जास्त असेल ती. हा तक्ता आणि ‘ओढ्याकडच्या बाजूला भरीव कुंपणभिंत नको, तारेचं किंवा जाळीचं कुंपण’ ही अट खरेदीखतातच घाला. भरीव भिंत पाणी अडवते, अडवलेल्या पाण्याने ती पडते आणि माणसांवर पडते. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागेल, तिथे नकाशावर पूररेषा आणि सोडलेला पट्टा स्पष्ट दाखवा.

देखभालीचं वेळापत्रक लेखी करून प्लॉटधारकांच्या संस्थेकडे सोपवा: मेच्या मध्याला गटारं आणि मोरी साफ, जूनच्या पहिल्या आठवड्यात प्लेट आणि सांडवा तपासणं, प्रत्येक मोठ्या पुरानंतर मोरीखालचा कचरा काढणं, दोन वर्षांतून एकदा तलावातला गाळ. पहिल्या पावसाळ्यात भर पावसात छत्री घेऊन पूर्ण फेरी मारा आणि पाणी साचलं तिथे, ते चढलं तिथपर्यंत रंगाने खुणा करा. या खुणा उतरवून घेऊन रस्त्यांच्या आणि गटारांच्या पातळ्या सुधारा, त्यानंतरच अंतिम ले-आऊट मंजुरीचा अर्ज द्या.